चालत दिलेली संथा

गुरुजी, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. चहाच्या आधी पेलाभर पाणी प्यायलंच पाहिजे, हा तुमचा दंडक माझ्या अंगात असा मुरलाय, की परवा मालेगावच्या स्टँडवर पाण्याचा जग रिकामा निघाला तर मी कप हातात धरून नुसताच उभा. हॉटेलवाला म्हणाला, "काहून मास्तर, चहाची पूजा करून राह्यले का?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण शिष्याचा चहा गार करण्याचं तुमचं कार्य अखंड चालू आहे, याची नोंद घ्यावी.

आता मुद्द्याचं. मला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. उशिरा झाली, म्हणून तुम्ही तिला पाहिलं नाही. तिला वरणभात रोज त्याच ताटलीत, त्याच जागी लागतो. ताटली बदलली की जेवण संपलं. आणि तीच मुलगी त्या ताटलीसमोर बसत मात्र नाही. एक घास खाते, दारापर्यंत पळते, सरड्याबद्दल काहीतरी सांगते, परत येते. सरड्याबद्दल तिला जेवढं ठाऊक आहे तेवढं मला व्याकरणाबद्दल नाही. घरातले म्हणायचे, लाडानं बिघडली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिघडलेलं काही नाही. तिला स्वमग्नता आहे आणि सोबत लक्ष न टिकण्याची चंचलताही. बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र असतात. "एक म्हणतं रोज तेच पाहिजे, दुसरं म्हणतं पुन्हा तेच काय. भांडण त्या दोघांचं, आणि रागावता तुम्ही तिच्यावर." मग त्यांनी विचारलं, घरात लहानपणी असं कोणी होतं का? मी घसा साफ करेपर्यंत बायको म्हणाली, "लहानपणी कायले, बाई? आताच पाहून घ्या ना, हे काय बसले समोर." बाईंनी पाहिलं. मी त्यांच्या टेबलावरचे पेन लांबीप्रमाणे लावत होतो.

परतीच्या एसटीत मला रिठदची तुमची पाठशाळा दिसायला लागली. ओसरीवर मुलं मांडी घालून बसली आहेत. तुम्ही एकदा म्हणता, ती दोनदा म्हणतात, अशी संथा चालली आहे. मी उठतो, खांबाला फेरी मारतो, बसतो, पुन्हा उठतो. पाठाचा क्रम बदलला की कान झाकून ओरडतो. माझे वडील मेडशीहून आले ते हातात दोर घेऊनच. "खांबाले बांधा याले, गुरुजी. मंग कसा बसत नाही ते पाहू." तुम्ही दोर घेतला, निरखला आणि विहिरीच्या काठावर ठेवून दिला. "बरं झालं आणला, बादलीचा तुटलाच होता. पोराचे पाय बांधले तं त्याची जीभ बी आखडन, भाऊ." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्यासोबत चालू लागलात. गोठ्याकडून विहिरीकडे जाताना तुमचं एकदा, परत येताना माझं दोनदा. वाट रोज तीच, म्हणून डोकं शांत. पाय मोकळे, म्हणून मीही जागेवर. संथा बसूनच घ्यायची असते, असं तुमच्याही गुरूंनी शिकवलेलं असणार. गावातल्या जाणत्यांनी नाकं मुरडली. तुमचे गुडघे दुखायचे. मी एकदा तसं म्हणालो तर, "तू चाल. गुडघ्यायचं मी पाहून घेईन." आज या गोष्टींना नावं आहेत, तपासण्या आहेत. तुमच्याकडे त्यातलं काही नव्हतं; तुम्ही नुसतं माझ्याकडे नीट पाहिलंत.

आता मी तिच्यासोबत चालतो, दारापासून अंगणातल्या न्हाणीपर्यंत. पाढे, कविता, सगळं संथेनं. गेल्या हंगामात माझ्या भावानं सोयाबीन वाळायला नेमकं त्याच वाटेवर पसरलं. ती किंचाळली, कान झाकून खाली बसली. "अरे, घरात घे ना पाठ!" भाऊ म्हणाला. मी म्हटलं, "घरात नाही होत." त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि खराटा घेऊन त्यानंच सोयाबीन दोन्ही बाजूंना सारलं. ती उठली, मधल्या वाटेनं चालू लागली, आणि सतराच्या पाढ्यात मी चुकलो ते जाताजाता सुधारून गेली. तुम्ही असतात तर तिला शाबासकीची चिंच दिली असती, आणि मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं.

जूनपासून ती मोठ्या शाळेत जाणार. तिथल्या बाई भल्या आहेत. "फिरू द्या तिले वर्गात, मले चालते," म्हणाल्या. पण ओळख व्हावी म्हणून तिला दोनतीनदा नेलं, तेव्हा बाईंनी म्हटलेलं तिनं एकदाही म्हटलं नाही. गप्प उभी राहून दाराकडे, माझ्याकडे बघत राहिली. तिला माझाच आवाज लागतो. मी मात्र तुमच्यानंतर कितीतरी जणांकडून शिकलो, बाकावर बसूनसुद्धा. म्हणजे कधीतरी तुम्ही माझ्यासोबत चालायचं थांबवलं असणार. कधी, कसं, काही आठवत नाही. इतक्या अलगद केलंत, की विचारायचंही सुचलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते इथंच राहील. खरं सांगतो गुरुजी, डॉक्टरीणबाईंच्या त्या दोन लांबलचक नावांची मला भीती नाही. माझी पन्नाशी उलटली आहे, आणि तिला सोडून थोडं मागं कसं राहायचं, ते मला येत नाही.