डाव्या बाजूची फळी

३ मार्च
दादाने आजही फळी नापास केली!
"गाठ आहे."
"कुठे?"
"आतून."
आतली गाठ याला बाहेरून दिसते! होड्या बांधणं सोडून डॉक्टरच व्हायला हवं होतं.
होडीची उजवी बाजू माझी, डावी दादाची. उजवीकडे एक फळी चढली की डावीकडे एक चढलीच पाहिजे. एकाच बाजूला ठोकत गेलं तर बुडाचा कणा तिकडे ओढला जातो आणि होडी जन्मभर तिरकी चालते. म्हणजे दादा अडला की मीही अडलो. बसा हात चोळत!

५ मार्च
एक तारखेला फायबरच्या होड्यांच्या कंपनीत हजर व्हायचंय. तिथे साच्यात ओतलं की होडी तयार! दादाला सांगितलं. रंधा मारता मारता एवढंच— "ही पुरी कर. मग खुशाल जा."
मग पुरी होऊ दे ना बाबा!

९ मार्च
वाफेच्या पेटीतून फळी काढली की गरम असतानाच वाकवायची. आज फळी काढली, आणि साहेबांना तहान लागली! पाणी पिऊन, मिशा पुसून येईपर्यंत फळी गार. वाकवली तर कडकन मोडली.
"अरेरे," दादा म्हणाला.
इतकं कोरडं अरेरे मी जन्मात ऐकलं नाही.

१० मार्च
डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या बाजूच्या फळ्या ठोकून मोकळा होतो! हातोडा उचलला. ठेवला परत. बाबांनी स्वर्गातून येऊन कान पिरगळला असता.

१६ मार्च
वहिनीला म्हटलं, "दादाचं वय झालं. हात चालत नाहीत."
ती फळ्यांच्या सांध्यांत भरायचा कापूस तेलात बुडवत होती. फिस्सकन हसली. "भाऊजी, तुम्ही खरंच भोळे की सोंग घेताय? काल शेजारची मोडकी खाट यांनी चुटकीसरशी उभी केली. हात चांगले चालतात. तुम्ही जाऊ नये म्हणून चाललंय हे सगळं. जेवण जात नाहीये त्यांना."
वेडाच आहे दादा! तोंडाने सांगायला काय झालं होतं?
रडू आलं. खोकल्याचं निमित्त केलं.

२३ मार्च
कंपनीचा फोन. "येताय ना?"
"हो, हो."
दादा हात थांबवून ऐकत होता. मी वळून बघितलं तर घाईघाईने रंधा मारायला लागला— उलटा धरून!

२९ मार्च
शेवटची जोडी. दादाची फळी चपखल बसली— कारणं संपली बिचाऱ्याची! माझी फळी चार बोटं आखूड निघाली.
"माप चुकलं," म्हटलं.
"गाढवा!" दादा म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला. कंपनीला येत नाही म्हणून कळवून टाकलं.
माप मी दोनदा घेतलं होतं.