मांजराचं नाव

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा फोनवर तोच गाढव. वकिलांचं जाडजूड पुस्तक शिवून झालेलं, पाठीला खळ लावत होतो. दोन्ही हात बरबटलेले. अशा वेळी पुस्तक सोडून उठलं की पाठ वाकते आणि मग जन्मभर वाकडीच राहते. तरी धावलो. गिऱ्हाईक असलं तर? "अभिनंदन सर, आपली निवड झाली आहे!" म्हटलं, तुझीही झालीय, ये इकडे, कानाखाली जाळ काढतो. ठेवला त्याने. रिसिव्हर चिकट, पुस्तक वाकडं. आता वकिलांना काय तोंड दाखवू?

बायको म्हणते, उचलू नका. उचलू नको तर खाऊ काय? घर हेच दुकान, आणि सगळी गिऱ्हाइकं याच नंबरावर. चिरंजीव शाळेत जायच्या आधीपासून हाच नंबर आहे. पाढ्यांआधी त्याला हा पाठ करून घेतला होता – हरवलास तर सांग म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ईमेल. "आम्ही तुमच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून तुम्हाला नको त्या अवस्थेत पाहिलं आहे." माझ्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. आणि नको ती अवस्था म्हणजे काय, बनियनवर पुठ्ठे कापत होतो ती? तसंच कळवलं. बायको म्हणाली, उत्तर कशाला देता, त्यांना कळतं ना की इथे माणूस आहे. कळू दे. कसा माणूस आहे तेही कळू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव दोन दिवस येऊन गेला. इतक्या लांबून मोटरसायकलवर येतो, सांगून ऐकत नाही. माझ्यावर गेलाय म्हणे. नवा फोन आणून लावून दिला – नंबर दिसतो, आणि बटण दाबलं की तो नंबर पुन्हा लागतच नाही. हे बटण मला फार आवडलं.

जेवताना म्हणाला, "बाबा, आता आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना त्याच्याच आवाजात फोन आला. मी अडकलोय, वाचवा. गेले बिचारे फसून. आपण एक प्रश्न ठरवून ठेवू."

मी लगेच म्हटलं, मांजराचं नाव विचारायचं. तो शाळेत असताना आपल्याकडे होतं ते. बाहेरच्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. चिरंजीव खूश. "पक्कं," म्हणाला. बायकोने तोंड उघडलं, "म्हणजे आपली ती –" मी तिथेच गप्प केलं. खिडकी सताड उघडी, समोरची शेजारीण कपडे वाळत घालत होती. भिंतीलाही कान असतात. नाव कुणी उच्चारायचं नाही, मनात ठेवायचं. तिघांनाही माहीत आहे, पुरे.

डोकं अजून चालतं म्हणायचं माझं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लग्न जुळवणारी संस्था. माझ्यासाठी. म्हटलं थांबा, बायकोला विचारून सांगतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायको सकाळी तिच्या बहिणीकडे गेली, रविवारी येईल. घरात मी आणि हे चोर. वीज कापणारा, पार्सल अडवणारा, बँकेचा साहेब. बँकेच्या साहेबाला विचारलं, आईला सांगितलंस का, काय धंदा करतोस ते? उलट मलाच शिवी देऊन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा. बटण दाबलं.

दुपारी एक मुलगी. कोवळा आवाज, कार्ड घ्या म्हणत होती. तिलाही सोडलं नाही. "आजोबा, नोकरी आहे हो माझी," म्हणाली, रडवेली. मग बदल नोकरी, म्हटलं. बटण.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सापडला! अगदी तोच, चिरंजीव म्हणाला होता तो प्रकार.

संध्याकाळी अनोळखी नंबर. मागे गाड्यांचा गोंगाट. "बाबा... मी बोलतोय." आवाज घोगरा, दम लागलेला, पण काय नक्कल! क्षणभर मीही 'काय झालं रे' म्हणणार होतो. "बाबा, माझा फोन... आईला द्या." वा रे वा. आईला द्या! बाई माणूस लवकर पाघळतं, हे यांना बरोबर ठाऊक.

मी म्हटलं, आधी मांजराचं नाव सांग.

"काय?"

मांजराचं नाव! माझा मुलगा आहेस ना?

मग म्हणाला, "भोपळा."

मला इतकं हसू आलं! भोपळा. काहीतरी ठोकून द्यायचं. म्हटलं, मी काय दूधखुळा आहे? दुसऱ्याच्या पोराचा आवाज काढतोस, तुझ्या जिभेला हाड आहे का? आडवा पडशील कुठेतरी आणि पाणी पाजायला कुणी येणार नाही. अजून बरंच बोललो. तो "बाबा, बाबा" करत होता. बटण दाबलं.

मस्त वाटलं. चहा केला, दोन पुस्तकं शिवली. आज पाठी सरळ आल्या. उद्या बायको आली की सांगतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

बायको आली. पिशवीही खाली ठेवू दिली नाही, सगळं रंगवून सांगितलं. ती हसत ऐकत होती. भोपळा म्हटल्यावर हसायची थांबली.

"भोपळा म्हणाला?"

हो, म्हटलं. चोरटीला भोपळा.

"चोरटी तुम्ही म्हणायचात. दुधावर टपलेली असायची म्हणून. मी मनी म्हणायचे. तो भोपळाच म्हणायचा तिला. उन्हात पसरून झोपायची म्हणून. अहो, मोठ्याने म्हणायचा नाही, तुम्ही त्याची टर उडवायचात."

नंतरचं नीट आठवत नाही. त्याचा मोबाइल बंद. ज्या नंबरावरून फोन आला होता तो अडवलेल्यांतून काढून लावला. एक ट्रकवाला. म्हणाला, हो, हायवेवर मोटरसायकल घसरून पडला होता, फोनचा चुरा झालेला, पाकीट गर्दीत कुणी लांबवलं. हा एकच नंबर त्याला पाठ होता. माझ्या फोनवरून बोलला. बोलून झाल्यावर बसल्या जागी कोसळला. मी रुग्णवाहिकेत चढवला. कुठे नेला ते माहीत नाही, मला माल पोचवायचा होता.

मग म्हणाला, "शिव्या देत होता ते तुम्हीच ना? मी शेजारीच उभा होतो."

हो, मीच.

बायकोने माझ्या हातून फोन घेतला आणि बहिणीला लावला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ती पहाटेच्या बसने गेली, बहिणीच्या मुलाला घेऊन. पोलीस चौकी, मग त्या रस्त्यावरचे दवाखाने एकेक करून बघणार. मीही निघालो होतो. म्हणाली, "तुम्ही इथेच बसा. त्याला पाठ आहे तो हाच नंबर."

अडवलेले सगळे नंबर मोकळे केले. कुणास ठाऊक, तो कुणाच्या फोनवरून बोलेल.

आता येताहेत सगळे. पार्सलवाला, बँकेचा साहेब, बक्षीसवाला. प्रत्येक वेळी उचलतो आणि म्हणतो, हं, बोला. पूर्ण ऐकून घेतो, मध्येच कुणी "बाबा" म्हणेल म्हणून. कार्डवाली मुलगी होती एक, गुरुवारचीच असावी. माझा आवाज ओळखताच तिने फोन ठेवायची घाई केली. म्हटलं, बाळ, बोल ना, काय सांगायचंय ते सांग. घाबरून ठेवलाच तिने.

बायकोचा दोनदा फोन. नाही सापडला.

फोन रिकामा राहावा म्हणून तिचा लगेच ठेवतो. कामाला हात लावलेला नाही. खळ भांड्यात सुकून खडखडीत झाली. मी स्वतःच्या तोंडाने म्हटलंय, आडवा पडशील, पाणी पाजायला कुणी येणार नाही. तो तेव्हा रस्त्यावर बसलेला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अनोळखी नंबर. एक बाई. "दवाखान्यातून बोलतेय. तुमचा मुलगा आत्ता शुद्धीवर आलाय. नंबर त्यानेच दिला. पण म्हणतोय, आधी एक शब्द सांगा, नाहीतर बाबा फोन ठेवतील. चोरटी. हे काय आहे मला माहीत नाही."

मी म्हटलं, ताई, त्याला सांगा, भोपळा बरोबर होतं.