गाणं सोडायचं, ढोल ऐकायचा

प्रिय आईस, हट्टी लेकीचा नमस्कार.

दादाने सांगितलं ते खरं आहे. लाँड्रीतून सुटले की मी नाचाच्या वर्गाला जाते आणि परक्या पुरुषाचा हात धरून नाचते. तो म्हातारा न्हावी आहे. त्याच्या पायांचा चेंदामेंदा केला तरी हसतो!

मी गाण्याच्या शब्दांमागे धावायचे, म्हणून चुकायचे. तो म्हणाला, "शब्द सोड, खालचा ढोल ऐक." काल लाँड्रीतल्या मोठ्या मशीनच्या धपधपीवर माझी पावलं आपोआप पडली. शाळेच्या कवायतीतून मला काढणाऱ्या बाईंना सांग, पोरीला ताल सापडला.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे पाय सुजतात, पण ते कामाने, नाचाने नाही.

लोकांना नावं ठेवू दे. सुट्टीत येईन तेव्हा अंगणात, सगळ्यांसमोर, तुझाच हात धरणार आहे. पदर खोचून तयार राहा.

तुझी,
धाकटी