रुसवा ही केवळ भूमिका आहे काय?

आदरणीय अर्जुनराव दाजींच्या पायांशी धाकटा मेव्हणा हनुमान याचा दंडवत.

इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तिकडे आपली तब्येत, आपल्या मातोश्रींचे गुडघे आणि नव्या बोअरचे पाणी कसे आहे ते कळवावे. (न कळवलेत तरी माझा राग नाही. सध्या या घरात राग धरायचा हक्क मला उरलेला नाही.) पाटोद्याच्या एसटीडीवरून आपल्याला दोनदा फोन लावला. गेवराईचा बूथवाला म्हणाला की दाजी पायरीपर्यंत येतात आणि पाटोद्याचा फोन म्हटले की माघारी फिरतात. म्हणून हे पत्र गेवराईच्या बाजाराला निघालेल्या मुंजाजीच्या हाती देतोय.

रविवारी आमच्या स्वप्नालीच्या साखरपुड्यात टॉवेल-टोपीचा पहिला मान थोरल्या जावयाचा असताना तो नवऱ्या मुलाच्या चुलत्याला गेला. आपण उठलात, चपला घातल्या आणि बाहेर पडलात. इथवरचे आपल्याला ठाऊकच आहे. पुढचे ठाऊक नाही, ते असे की आबा आपल्या मागे निघाले होते. खरेच निघाले होते, एक पाय चपलेत होता. त्यांना मी अडवले.

मी यंदा बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेय (दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या) आणि सरांनी नुकतीच सामाजिक भूमिका शिकवली होती. माणूस ज्या जागी असतो त्या जागेकडून लोकांच्या काही अपेक्षा असतात आणि तो तसा वागतो. बापाने दरडावायचे, आत्याने नावे ठेवायची, जावयाने रुसायचे. मला वाटले, सगळी बैठक माझ्यापुढे पुस्तकासारखी उघडी पडलीय. मी आबांचा दंड धरला आणि पाहुण्यांसमोर म्हणालो, "आबा, थांबा. दाजींची ती भूमिका हाय. कुणी मागं गेलं न्हाई तर आपसूक माघारी येतील."

आबा थांबले. शिकलेल्या पोराचे ऐकायची त्यांना हौस आहे, त्याचे हे फळ. बायना आत्या तोवर माळवदावर चढली होती आणि वरून खबर देत होती. दाजी पिंपळापाशी पोचले. दाजी थांबले. दाजी वाकून चपलेचा अंगठा बघतायत. खाली नवऱ्याकडच्यांच्या हातातला चहा तसाच निवत होता. आता वळतील, असे मी मनात म्हणालो, आणि आपण वळलातही. वळून घराकडे बघितलेत, तर वाटेवर कुणीच नव्हते. "हनुमान, पळ की रे," आत्या म्हणाली, "माणूस वाट बघतंय." मी हातानेच तिला दम धरायला सांगितले. तेवढ्यात बीडकडे जाणारी जीप आली.

ती आपल्याला घेऊन दिसेनाशी होईपर्यंत मी आबांचा दंड धरूनच होतो. नवरा मुलगा आपला मावसभाऊ, सोयरीक आपण जुळवलेली. त्यांच्याकडच्यांनी कप खाली ठेवले आणि फार सौजन्याने सांगितले की पुढच्या सोमवारी लग्नाला अर्जुनराव मांडवात दिसले तरच वऱ्हाड निघेल. स्वप्नाली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. सत्यशीला अक्काला आपण न्यायला विसरलात (की मुद्दाम ठेवून गेलात, हे विचारायची माझी छाती नाही). ती रडत नाही, नुसती भाकऱ्या बडवते. काल म्हणाली, "तुला पास व्हायला माझाच संसार घावला व्हय रे?" आत्याने सबंध गावाला सांगितल्यामुळे न्हावीसुद्धा मला शेवटी बसवतो. याला पुस्तकात सामाजिक नियंत्रण म्हणतात. प्रश्न आला तर उत्तर तोंडपाठ आहे.

काल सरांना गाठून झालेला प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "भूमिका एकट्याची नसते. त्यांची उठून जायची होती, तुमची मागं पळायची. त्यांनी त्यांची केली. तुम्ही?" तर दाजी, दोष माझा आहे. आबांवर राग धरू नये, आणि सोमवारी स्वप्नालीच्या डोक्यावर आपल्या हातच्या अक्षता पडाव्यात.

आपला,
हनुमान

ता. क. : उद्या सकाळी आबा आणि आत्या नवा टॉवेल-टोपी घेऊन गेवराईला निघतायत. आपण घरीच थांबावे, पण लगेच हो म्हणू नये. आबांना दोन-तीनदा विनवू द्यावे. रविवारी त्यांना मी ते करू दिले नाही, तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नाही.

आणखी एक : ते मला बरोबर नेणार नाहीत. मीही रुसून रविवारपासून गोठ्यात मुक्काम केलाय. बाहेर पाऊल वाजले की मी तोंड भिंतीकडे करून पडतो, आणि जो येतो तो म्हशीला पाणी पाजून निघून जातो. यात भूमिका कसली नसते हो दाजी. आपण आलात की घरात जायच्या आधी गोठ्याकडे या. मी पहिल्या हाकेलाच उठेन.