शंकू, शंका आणि कुरडया

३ मे १९७१, सोमवार
स्वस्ति श्री. सावेडीस्थ खोलीद्वयाधिपती, संधिसमासमर्दन, उपनेत्रभूषण, पन्नाशीत पुनश्च विद्यार्थिदशेस प्राप्त संस्कृतशिक्षक श्रीमान् मी, कॉलेजच्या उन्हाळी खगोलवर्गात दाखल.
प्रात्यक्षिक : शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून मध्याह्नीची छाया रोज मोजणे. १७ तारखेस नगरात ती शून्य होणार. ते टिपण नसेल तर प्रा. वहीवर सही करणार नाहीत. सही नाही तर परीक्षा नाही. दुसरी संधी जुलैत, ढगांच्या मर्जीने. आणि मी तर उत्तीर्ण झाल्याचे शाळेत आधीच सांगून बसलो आहे.
मच्छरदाणीची एक काठी गच्चीवरील कुंडीत रोवली.

८ मे
घरमालक तात्या जिन्यात : "मास्तर, रोज भर उन्हात गच्चीवर कसली शंका करता वो? खाली मोरी हाय की!"
"शंकू, तात्या! शंकू!"
"तेच ते. लई वास मारंल."

११ मे
व्याख्यानानंतर वही दाखवली. सर्व छाया रेडिओच्या ठोक्याला, बरोबर बारा वाजता घेतलेल्या.
प्रा. : "गुरुजी, हे घड्याळाचे बारा. नगरच्या सूर्याचे बारा सध्या साडेबाराच्या सुमारास वाजतात."
आठ दिवसांच्या छाया रद्द. माझे बारा मात्र वेळेवर वाजले.

१६ मे
सौ. : "उद्या कुरडया. गच्ची माझी."
"अगे, उद्या सूर्य थेट माथ्यावर!"
"म्हणूनच तर."

१७ मे
१२.१५. कुंडी रिकामी. शंकू ओल्या कुरडयांच्या ऐन मध्यभागी, विटांच्या बेचक्यात उभा, शेंड्यास काळे फडके. काकनिवारणार्थ. एक पाऊल पुढे टाकले.
सौ. : "तुडवा! गहू तीन दिवस भिजवलाय मी!"
थांबलो. सूर्य थांबेना. माझा चेहरा पाहूनच असावे, ती पदर खोचून कडेला ताठ उभी राहिली. "माणसाची सावली चालत नाही का तुमच्या शास्त्रात?"
छाया आखडत पावलांशी आली. १२.२७ : नाहीशी.
"अगंबाई, गेली की हो!"
वीस वर्षांत असा स्वर... असो. ती अनवाणी होती, हे मागाहून कळले. तळव्यांना तूप लावून दिले.

१९ मे
प्रा. वही वाचीत : "शंकू : सौ. उंची?"
"मोजू दिली नाही."
"लंबरूप होता?"
"विवाहापासून एकदाही वाकलेला नाही."
हसले नाहीत. सही केली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. वही घरी नेली.
इकडे काठी अद्याप गच्चीवरच. त्रिदंडी मच्छरदाणी नेमकी माझ्या बाजूस, माझ्याच नाकावर लोंबते. काठी मागितली.
"कावळे आहेत अजून."