सुनेच्या हातची तिसरी भाकर

उधवा, ता. तलासरी
६ एप्रिल २०२५

धाकटी बहीण सौ. सरितास काळीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून माझं वजन वाढलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरणीने पंच्याहत्तर किलोच्या आत यायला सांगितलंय. सहा महिने चहात साखर नाही, भात मूठभर, तेव्हा कुठे चौऱ्याऐंशीची शहात्तर झाले. आणि आपल्या भाच्याच्या, लाहूच्या लग्नात तू अख्ख्या मांडवात ओरडलीस की, बाय गं, गाल किती बसले तुझे, सून जेवायला देते की नाही? संगिता मागेच उभी होती.

तेव्हापासून ती मला वाढते आणि समोर बसून राहते. तिसरी नाचणीची भाकर नको म्हटली तर स्वतः जेवत नाही. म्हणते, लोक नावं मलाच ठेवतात. शेजारची नवशी तर ताट बघायलाच येते. आता एक्क्याऐंशी भरले. संडासात बसले की उठवायलाही संगिताच लागते. बरं वाटत असेल तुला.

राग आहे तरी माया आहे.
काळी

मसोली, डहाणू
१० एप्रिल २०२५

ती. काळीबायला सरिताचा नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. संगिता वाढते, पण गिळतं कोण? लग्नात तू तीनदा भात घेतलास, मी पाहिलंय. माझंही तसंच म्हणा. दर सोमवारी मी डाएट सुरू करते आणि मंगळवारी आमचे हे फाफडा घेऊन येतात.

पण एक सांगते. आई जायच्या आधी तिचे गाल असेच आत गेले होते. तुला मांडवात पाहिलं आणि तीच आठवली. घाबरले की मी ओरडते.

लोभ आहे तेवढा राहू दे, वजन तेवढं घालव.
सरिता

उधवा
१३ एप्रिल २०२५

सौ. सरितास आशीर्वाद.

आईचं लिहिलंस ते वाचताना तव्यावरची भाकर करपली. तिला आजार होता, वेडे. मला गुडघा आहे आणि भूक आहे. खोटं कशाला बोलू, तिसरी भाकर मला गोडच लागते. डॉक्टरीण म्हणाली, वजन उतरलं की अंग आधीपेक्षा जास्त खायला मागतं, सगळ्यांचंच. आता अंगाशी भांडू की सुनेशी? दोघांशी एकदम मला जमत नाही. सुनेचं तू मिटव.

१० जूनला काट्यावर उभं राहायचंय. वजन जास्त भरलं तर माझा नंबर दुसऱ्या कुणाला जाईल, मग दिवाळीनंतरच. म्हणून तू इथे ये. नवशीला आणि पाड्यातल्या बायांना मी बोलावते. त्यांच्यादेखत संगिताजवळ आपली चूक कबूल कर, आणि सांग की सासू कमी जेवली तर सुनेचा दोष नाही. येताना चिकू आणू नकोस, मी खाईन.

घरात सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. कधी येतेस ते मला शुक्रवारच्या आत कळव.

तुझी बाय,
काळी