आबांच्या खुर्चीतली फट

४ मार्च, सोमवार

आबा गेले! ताईकडे, डोळ्याच्या ऑपरेशनला. महिनाभर तरी येत नाहीत. दादा ट्रकवर, वहिनी दवाखान्यात ड्यूटीला — म्हणजे दादाची पोर दिवसभर माझ्याकडे. चार वर्षांची आहे, पण सगळ्यांच्या कामात डोकं घालते. आबांनी तिला ‘मुकादम’ हे नाव उगाच नाही ठेवलं.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, रडायला लागली तर लगेच फोन करा.” मी म्हटलं, निश्चिंत जा. सोफे शिवणारा माणूस मी, पुढच्या खोलीत मशीनवर बसलेलाच असतो. एक पोर सांभाळायला काय लागतं!

गाडी सुटली तेव्हा ती रडली नाही. मलाच रुमाल काढावा लागला — धूळ फार होती.

६ मार्च, बुधवार

अजून रडली नाही. हे चांगलं की वाईट? आबांची नक्कल मात्र जोरात चालू आहे. मी जेवायला बसलो की समोर फतकल मारून बसते. “चावून खा काका. ताट पळून चाललंय का?” हुबेहूब आबा!

बाहेर पडताना मी कुलूप ओढून बघतो. थोडं पुढे जातो, परत येतो, परत ओढतो. माझी जुनी खोड. आज ती स्वतःच कुलपाला लोंबकळली. “लागलंय. चल आता.” आणि माझा हात धरून ओढत नेलं.

मला वाटतं, आठवण आली की लहान मुलं त्या माणसासारखं वागायला लागतात. करू द्यावं. आपण फक्त लक्ष ठेवायचं.

९ मार्च, शनिवार

एक कल्पना सुचली! आबांची खुर्ची. फोम बसलाय, कापड विटलंय, आणि बैठक व हात यांच्यामध्ये एवढी फट पडलीय की आबांचा कंगवासुद्धा आत जाऊन बसतो. लोकांचे सोफे शिवतो आणि बापाची खुर्ची अशी? उद्या मुकादम वहिनींबरोबर बाहेर जाणार आहे, तेवढ्यात उरकतो. बघून हरखूनच जाईल.

१० मार्च, रविवार

खुर्ची झाली. नवे पट्टे, नवा फोम, जाड निळं कापड. फट अशी बुजवली की सुई शिरणार नाही. आतून कंगवा निघाला, बटणं निघाली, आणि अर्ध्या अर्ध्या बिस्किटांचा ढीग — मुंग्या लागलेला! आबांना गोड बंद आहे, चोरून खात असणार. हसू आलं. सगळी बिस्किटं फेकून दिली.

संध्याकाळी मुकादम आली. हरखली नाही. खुर्चीच्या कडेने हात फिरवला. दुसऱ्या बाजूने फिरवला. आडवी पडून खालून बघितलं.

“कुठाय?”

“काय कुठाय?”

“आता आबाचं कुठे ठेवू मी?”

मग जी रडायला लागली! जेवली नाही. आबांचा फोन आला तर म्हणाली, “सांग, मुकादम कामात आहे.”

११ मार्च, सोमवार

वहिनींनी उलगडा केला. बिस्किटं तिचीच. रोज आपल्यातलं अर्धं ती त्या फटीत ठेवायची आणि आबा गुपचूप खायचे. आबा गेल्यावरही ठेवतच होती. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल भाऊजी.” घरात सगळ्यांना माहीत, मी सोडून!

आज ती माझ्या जेवणाला समोर बसली नाही. कुलपाला लोंबकळली नाही. मी किती वेळा ओढलं ते विचारूच नये. आबांचा फोन आला, तो तिने आजही घेतला नाही. “बरी आहे ना रे ती?” त्यांनी विचारलं. मी “हो” म्हणालो.

जिवाला नुसती हुरहुर. (शब्दकोशात बघितलं. हुरहूर.)

आपण घातलेला इतका पक्का टाका आपणच उसवायचा? कारागिराला विचारा काय वाटतं ते.

१३ मार्च, बुधवार

उसवला. तिला मशीनजवळ बोलावलं आणि कात्री हातात घेऊन म्हटलं, “बोला मुकादम, केवढी फट हवी?”

तिने कात्रीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मग जवळ येऊन कडेला हात लावून दाखवला. “एवढी.” मी खडूने खूण केली.

“अरे, एवढ्यात आबाचा हात जाईल का? आबाचा हात मोठा आहे, येड्या!”

खूण वाढवली. कडा दुमडून शिवल्या, नाहीतर धागे निघतात. मुंग्या लागू नयेत म्हणून उरलेल्या निळ्या कापडाची छोटी पिशवी शिवून दिली. पिशवी तिने उलटीपालटी करून तपासली. पास केली! अर्धं बिस्कीट पिशवीत, पिशवी फटीत. उरलेलं अर्धं माझ्यापुढे धरलं. “खा. बारीक झालायस.”

रात्री वरण-भात दोनदा मागून घेतला तिने. चूक झाली ती झाली, पण निभावलं मी. आता आबांना सांगायला हरकत नाही — काळजी करू नका, मुकादमाला मी सांभाळलंय.

१५ मार्च, शुक्रवार

आबांचा फोन. आज तिनेच घेतला. निळ्या खुर्चीत बसून, माझ्याकडे पाठ करून. मी मशीन थांबवली.

“हो आबा. जेवतो. चावून खातो... कुलूप? आता एकदाच बघतो. मी असले की... नाही, जास्त नाही रडला. तुझी गाडी गेली तेव्हाच. मग पुसलं त्याने. तू सांगितलंस तसंच करतेय सगळं. तू डोळे बरे करून ये. घाई नको. काकाकडे मी आहे.”